‘सिस्टर, मुलगा होता की मुलगी?’

या वेळचं पत्र एका तरुण नर्सचं आहे. बरंच मोठं आहे, नाव-गाव काढून थोडक्यात देते.

“ताई, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून मला आठ महिने झाले, मराठवाड्यात एका दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात आहे. मागच्या महिन्यात नाईटला एक पेशंट आली, पहिलटकरीण, नववा महिना, दोन दिवस बाळ हलत नव्हतं. डॉप्लर लावून बघितलं, ठोके लागले नाहीत, सोनोग्राफीत नक्की झालं. कळांचं औषध सुरू केलं, पहाटे डिलिव्हरी झाली. सासूबाई म्हणाल्या तिला दाखवू नका, म्हणून मी बाळ गुंडाळून बाहेर दिलं. नंतर ती रडत होती तर मी म्हणाले, रडू नका ताई, टाके ओढले जातील, वय लहान आहे, दुसरं होईल. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या रात्री बीपी घ्यायला गेले तर माझा हात धरून विचारलं, ‘सिस्टर, मुलगा होता की मुलगी?’ मला माहीत होतं, डिलिव्हरी मीच घेतली होती. तरी ‘सकाळी डॉक्टर सांगतील’ म्हणून निघून आले आणि ड्रेसिंग रूममध्ये जाऊन रडले. इनचार्ज सिस्टरनी बघितलं, म्हणाल्या नर्सनं असं रडायचं नसतं. पेशंटचा डिस्चार्ज झाला, पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. अशा वेळी नक्की बोलायचं काय असतं? आणि मी या कामाला लायक आहे का?”

पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग उठून थोडा वेळ अंगणात फिरून आले, कारण मी ३३ वर्षं नोकरी केली, त्यातली ११ लेबर रूममध्ये, आणि तू लिहिलंयस तसली पहाट मी किती वेळा बघितली ते मोजलेलं नाही. लायक आहेस का हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. आहेस. जिला काही वाटलं नसतं तिनं महिन्याभरानं पत्र लिहिलं नसतं. पण त्या रात्री तुझं चुकलं, हेही सांगते, कारण नुसतं पाठीवरून हात फिरवून तुला सोडलं तर पुढच्या पेशंटला पुन्हा तेच होईल.

‘दुसरं होईल’ हे चुकलं, पण ते आपल्याकडे सगळेच बोलतात, आई बोलते, मावशी बोलतात, डॉक्टरसुद्धा बोलतात. माझ्या मते खरी चूक दुसऱ्या रात्रीची. तिनं एक साधा प्रश्न विचारला, उत्तर तुझ्याकडे होतं आणि तू ते दिलं नाहीस. अगं, नऊ महिने पोटात वाढवलेल्या बाळाबद्दल त्या बाईला अख्ख्या जगात फक्त तू सांगू शकत होतीस, कारण घरच्यांनी ठरवलं होतं की या विषयावर बोलायचंच नाही. रात्री दोन वाजता, सगळे झोपल्यावर, तिनं धीर करून तुझा हात धरला. तू घाबरलीस हे मला कळतं. आपल्याला वाटतं सांगितलं तर ती अजून रडेल आणि ते आपल्यामुळे होईल. पण पोरी, ती आधीच रडत होती, आणि तू सांगितलं असतंस तर निदान मुलीसाठी रडतेय की मुलासाठी हे तरी तिला कळलं असतं.

मला एक बाई आठवते. तिचं बाळ असंच पोटात गेलं होतं, आणि तेव्हा तर आम्हाला शिकवलेलंच असायचं की दाखवायचं नाही, बोलायचं नाही, लवकर घरी पाठवायचं म्हणजे विसरेल. ती नऊ वर्षांनी पुन्हा दवाखान्यात आली, बरोबर सात वर्षांची मुलगी, तिच्या टॉन्सिलसाठी. व्हरांड्यात मला ओळखलं आणि नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम म्हणाली, “सिस्टर, त्याच्या डोक्यावर केस होते का हो?” मला आठवेना. खरं ते सांगितलं, नाही आठवत म्हणून. मग मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन लेबर रूमचं जुनं रजिस्टर शोधून काढलं. केस कुठे लिहिलेले असणार, पण एक ओळ होती, वेळ, पुरुष, वजन २ किलो ३००. मी चिठ्ठीवर लिहून आणलं आणि तिला वाचून दाखवलं. तिनं दोनदा म्हटलं, दोन किलो तीनशे, दोन किलो तीनशे, आणि ती चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. नऊ वर्षं झाली होती, हातात दुसरं मूल होतं, आणि तरी ती त्या एका आकड्यासाठी थांबलेली होती. त्या दिवसापासून मी कुणालाही ‘डॉक्टर सांगतील’ म्हटलं नाही. म्हणजे बाळ का गेलं, पुढच्या वेळी काय होईल हे डॉक्टरांनीच सांगायचं, आपण आपल्या मनानं कारणं ठोकायची नाहीत. पण बाळ कसं होतं हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो?

आता तुझा मुख्य प्रश्न, बोलायचं काय. आधी काय बोलायचं नाही ते सांगते, कारण ते जास्त वेळा तोंडातून निघतं. रडू नका. देवाची इच्छा. बरं झालं आधीच गेलं, जन्मून गेलं असतं तर जास्त त्रास झाला असता. तुम्हाला एक आहे ना पदरात, त्याच्याकडे बघा. वय लहान आहे. ही सगळी वाक्यं नीट बघ, ती तिच्यासाठी नसतात, बोलणाऱ्याला ते रडणं सहन होत नाही म्हणून ती निघतात. आणि तिला त्यातून एवढंच ऐकू येतं की गप्प बस. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं ते म्हणूनच. टाक्यांचं म्हणशील तर रडण्यानं टाके तुटत नाहीत गं, हेही आपल्यात उगाच चालत आलेलं आहे.

बोलायचं ते अगदी थोडं आहे. “मला फार वाईट वाटतंय.” “मी आज रात्रभर ड्युटीला आहे.” “बाळाबद्दल काही विचारायचंय का?” आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं कुणी शिकवत नाही आणि तेच सगळ्यात अवघड जातं, हात सलाईनच्या नळीकडे जातो, चादर नीट करावीशी वाटते. मी काय करायचे, स्टूल ओढून बसायचे आणि दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. उभ्यानं बोललं की पेशंटला वाटतं ही निघालीच. बसलं की दोन मिनिटंसुद्धा भरपूर वाटतात.

तू म्हणशील ताई, नाईटला एकटी असते, चाळीसच्या आसपास पेशंट असतात, स्टूलवर कुठली बसते. माहीत आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं नर्स-पेशंटचं प्रमाण पुस्तकात वाचलंय आणि वॉर्डातलंही बघितलंय, दोन्हीचा काही संबंध नाही आणि त्याचा दोष तुझा नाही. पण बीपी तुला घ्यायचंच आहे ना, गर्भाशय कडक आहे का बघायला पोटावर हात ठेवायचाच आहे, अंगावरून किती जातंय ते पॅड बघायचंच आहे. ही कामं बाळ असलेल्या बाळंतिणीइतकीच तिचीही आहेत, आणि खरं सांगते, दुःखातल्या पेशंटची ही कामं आपण नकळत घाईनं उरकतो, नजर चुकवून. तीच सावकाश कर, तिच्या तोंडाकडे बघून, हात लावण्याआधी सांगून. तेवढ्यात कुणी हाक मारली तर “दहा मिनिटांत येते” म्हण आणि खरंच ये, पंधरा मिनिटं लागली तरी ये, नुसतं दारातून “अजून अडकलेय” एवढं सांगायला तरी ये.

तुम्हाला सायकियाट्रिक नर्सिंगच्या पेपरला शोकाच्या त्या पाच पायऱ्या असतीलच, नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार. त्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस या डॉक्टर बाईंनी १९६९ मध्ये मांडल्या आणि त्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून मांडलेल्या होत्या, मागे राहिलेल्यांसाठी नाही. परीक्षेत लिहायला ठीक आहेत पण वॉर्डात त्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकामागे एक येत नाहीत. सकाळी ती शांत जेवेल, दुपारी पाणी वेळेवर दिलं नाही म्हणून तुझ्यावर ओरडेल, संध्याकाळी चुलत बहिणीबरोबर हसेलसुद्धा. हसली म्हणजे सावरली असं लिहू नकोस, ओरडली म्हणजे पेशंट त्रासदायक आहे असंही लिहू नकोस. मला जास्त उपयोगी पडलं ते एरिक लिंडेमन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाचं. १९४२ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला एका नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली, त्यात माणसं गमावलेल्यांशी आणि इतर शोकातल्या माणसांशी बोलून त्यानं १९४४ मध्ये लिहिलं की शोक लाटांसारखा येतो, एक लाट वीस मिनिटं ते तासभर, घसा आवळतो, दम कोंडतो, उसासे येतात, पोटात रिकामं वाटतं. हे वाचल्यावर माझी भीती गेली. लाट आहे म्हणजे ओसरणार, आपल्याला ती थांबवायची नाहीये, ओसरेपर्यंत जवळपास राहायचंय. आणि पेशंट म्हणाली की छातीत दुखतंय, दम लागतोय, तर आधी नाडी, बीपी, ऑक्सिजन बघायचंच, बाळंतिणीला फुप्फुसात गुठळी जाऊ शकते, ‘दुःखामुळे होतंय’ म्हणून सोडून द्यायचं नाही.

बाळ दाखवण्याबद्दल. सासूबाईंवर रागवू नकोस. त्या पिढीत किती बायकांची बाळं गेली आणि ती कुठे पुरली हेही त्यांना कळलं नाही, त्यांना खरंच वाटतं की न बघितलेलं लवकर विसरतं, त्या माया म्हणूनच बोलतात. पण निर्णय त्यांचा नव्हता, तुझाही नव्हता, त्या बाईचा होता, आणि तिला कुणी विचारलंच नाही. यातही उलट्या टोकाला जाऊ नकोस हं. मधे काही देशांत असं झालं होतं की प्रत्येक आईनं बाळ हातात घ्यायलाच हवं, मग २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय मासिकात एक अभ्यास आला की ज्यांनी बाळ हातात घेतलं त्यांच्यात पुढे नैराश्य जास्त दिसलं, आणि इतर अभ्यासांत बरोबर उलटं निघालं, बघितलेल्या बहुतेक आयांना त्याचं समाधानच होतं. म्हणून सक्ती कुठलीच नको. विचारायचं, आणि एकदाच विचारून थांबायचं नाही, कारण पहाटे नाही म्हणणारी दुपारी हो म्हणते. “बाळ अजून इथेच आहे, बघायचं असेल तर मी आणते, आत्ता नको असेल तर नंतर पण सांगा.” बस. आणि बाळ लगेच बाहेर देऊ नये ते यासाठीच, थोडे तास ठेवता येतं, नवऱ्याशी बोलून घ्यायचं.

आणि आणण्याआधी सांगायचं, हे फार महत्त्वाचं. पोटात दोन दिवस राहिलेलं बाळ कसं असतं तुला माहीत आहे, तिला नाही. ओठ गडद झालेत, काही ठिकाणी साल निघालीय, अंग गार लागेल, मान धरायला लागेल, हे हळू आवाजात आधी सांग. पुसून घे, टोपी घाल, घरून आणलेलं दुपटं असेल तर त्यातच गुंडाळ, ती दुपटी तिनं पाचव्या महिन्यापासून जमवलेली असतात. ट्रेमधून आणायचं नाही, छातीशी धरून घेऊन यायचं, जिवंत बाळ आणतो तसंच. मी नवीन असताना सांगितलं म्हणून एक बाळ स्टीलच्या ट्रेमध्ये वर कापड टाकून वॉर्डाच्या मधून नेलं होतं, कापड आखूड होतं, आणि चौथ्या बेडवरच्या त्याच्या आईनं कोपरांवर उठून ते पाय बघितले. ते मी विसरलेले नाही. आणि शक्य असेल तर पायाचा ठसा घे, स्टॅम्प पॅड लेबर रूममध्ये असतंच, एका जाड कागदावर, खाली वजन आणि वेळ. तिला नको असेल तर नवऱ्याकडे पाकिटात दे, तो घरी पत्र्याच्या पेटीत ठेवेल, कधी तरी लागेल.

नवऱ्याचं पण बोलते. तो बाहेर जिन्यात बसलेला असतो, कुणाला तरी फोन करत, हातात केसपेपर, आणि त्यालाच ते गाठोडं घेऊन मामा-काकांबरोबर जायचं असतं, त्याला कुणी विचारत नाही की बाबा तू पाणी प्यायलास का. त्याला बसव. आणि एक सांग, जिथे पुरलंय ती जागा बायकोला सांग, नंतर ती विचारेल. जन्म-मृत्यूच्या नोंदीच्या कायद्यात अशा बाळाचीही वेगळी नोंद होते, २१ दिवसांत, दवाखान्यात झालं तर ती आपल्याकडूनच जाते, तेही सांग. पुष्कळ घरांना वाटतं की या बाळाचा कुठे कागदच नाही. आणि ती नोकरी करणारी असेल तर मातृत्वाच्या रजेसाठी मृत जन्मलेलं बाळही मूलच धरलंय, ‘बाळ नाही मग रजा कसली’ म्हणून लगेच कामावर हजर व्हायची गरज नाही.

वॉर्डाचं बघ. तिला कुठे ठेवलं होतं तू लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे, पीएनसीतच, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात, दोन्ही बाजूला बाळं. वेगळी खोली नसते हे मान्य, मग निदान कोपऱ्यातला बेड, पडदा, आणि तिलाच विचार, कारण काही जणींना एकटं गायनॅकच्या वॉर्डात टाकलेलं अजून वाईट वाटतं, मी आई नाही असं ठरवल्यासारखं. सगळ्यात जास्त घाव कुठे बसतात माहितीय? सकाळी लसीच्या सिस्टर येतात आणि दारातून ओरडतात, “बीसीजीचं राहिलंय त्यांनी बाळं घेऊन या, अहो तुमचं बाळ कुठाय?” मग जेवणाच्या गाडीवाला, मग झाडणारी मावशी, मुलगा झाला की मुलगी, पेढे कुठायत. कुणाच्या मनात वाईट नसतं, कुणाला माहीतच नसतं. आम्ही शेवटी शेवटी केसपेपरच्या वर कोपऱ्यात पेननं झाडाचं एक छोटं पान काढायचो आणि बेडच्या दांड्यालाही तसंच एक कार्ड लावायचो, सगळ्यांना सांगून ठेवलेलं, पान दिसलं की बाळाचं विचारायचं नाही. फुकटचं काम आहे, उद्याच इनचार्जना विचार. आणि हँडओव्हर देताना ‘बेड ७, आययूएफडी (बाळ पोटात गेलेलं), स्टेबल’ एवढंच देऊ नकोस. रात्री झोपली का, बाळ बघितलं का, बघायचंय का, घरचं कोण बोलतं तिच्याशी, हे पण दे.

आता दूध. यावर मी जरा थांबणार आहे कारण हे कुणी सांगत नाही आणि ती बाई घरी गेल्यावर एकटी त्याला तोंड देते. बाळ गेलं तरी शरीराला ते कळत नाही, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दूध उतरतंच. शेजारचं बाळ रडलं की पान्हा फुटतो. मी एका मुलीला बघितलंय, रात्री तिनं बाळाची दुपटी चौघडी करून ब्लाउजच्या आत कोंबली होती आणि ती ओलीचिंब झाली होती, आणि लाजेनं कुणाला सांगत नव्हती, छाती दगडासारखी, अंगात कणकण. तिला डिस्चार्जच्या आधी आपण सांगायला हवं होतं की हे होणार आहे. घट्ट बांधून आवळायचं नाही पण आधार देणारी नीट ब्रा, गार पाण्याच्या पट्ट्या, फारच दाटलं तर हातानं थोडंसं काढायचं, मोकळं वाटेल एवढंच, पूर्ण रिकामं केलं तर अजून येतं. दुखण्याला गोळी डॉक्टरांकडून. दूध थांबवायचं कॅबरगोलिन नावाचं औषध असतं, पण ते लवकर द्यावं लागतं आणि बीपी वाढलेल्या बाळंतिणीला देत नाहीत, म्हणून राउंडला तू डॉक्टरांना आठवण कर, बाळ नाही म्हटल्यावर तो विषय निघतच नाही. ताप आला, छातीला लाल चट्टा आला तर परत यायचं, हे तिला आणि बरोबरच्या बाईला दोघींना सांग. आणि हेही सांग की काही आयांना रिकामे हात दुखल्यासारखे वाटतात, काहींना रात्री बाळ रडल्याचं ऐकू येतं, त्याचा अर्थ डोकं फिरलं असा नाही, बाहेरचं लागलं असाही नाही.

ती स्वतःला दोष देणार. मी पाण्याची कळशी उचलली, ग्रहणात भाजी चिरली, त्या दिवशी हलत नव्हतं तेव्हाच का नाही आले. ग्रहणाचं आणि भाजीचं तू ठामपणे खोडून काढ, त्यानं बाळ जात नाही. बाकीचं ऐकून घे आणि म्हण की हे सगळं डॉक्टरांना विचारू, मी तुमच्याबरोबर थांबते. पुष्कळदा तपासूनही कारण सापडत नाही, आणि ‘कारण सापडलं नाही’ हे वाक्य घरच्यांच्या समोर, सासूच्या समोर, डॉक्टरांच्या तोंडून आलेलं बरं, नाहीतर घरी जाऊन सगळं खापर तिच्यावर फुटतं.

एक गोष्ट मात्र नुसत्या जवळ बसण्यानं भागत नाही. कुणी म्हणालं की मला पण त्याच्याकडं जायचंय, आता जगून काय करू, तर ‘असं बोलू नये’ म्हणून विषय बंद करू नकोस. सरळ विचार, “जीव द्यायचा विचार मनात येतो का? कसं करायचं ते ठरवलंय का?” विचारल्यानं कल्पना डोक्यात घातली जाते हा गैरसमज आहे, उलट बऱ्याच जणींना सुटल्यासारखं होतं. हो म्हणाली तर तिला एकटी सोडायचं नाही, बाथरूमलाही कुणी तरी बरोबर, उशाखालच्या गोळ्या काढून घ्यायच्या, डॉक्टरांना त्याच वेळी कळवायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही, आणि तिच्याच शब्दांत नोट लिहायची. पूर्वी पोलीस केस होईल म्हणून लोक असलं लपवायचे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो दृष्टिकोन बदलला, आता अशा माणसाला आधी उपचार आणि काळजी मिळायला हवी. घरी जाताना १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर कागदावर लिहून दे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते, तो दिवस कुठला ते तू आधीच माहीत करून ठेव.

रडण्याबद्दल. तुमच्या इनचार्ज सिस्टर वाईट नसतील, त्यांना कुणी तरी तसंच सांगितलं असेल आणि त्यांनी ते इतकी वर्षं पाळलं असेल. माझं मत असं की पेशंटपुढे डोळ्यात पाणी आलं तर काही बिघडत नाही, फक्त तिला आपल्याला समजवायची वेळ येऊ नये. हमसून रडायचं असेल तर ड्रेसिंग रूम बरोबर होती. पण एकटीनं रडून पुन्हा तोंड धुऊन कामाला लागणं हे आठ महिने चालेल, आठ वर्षं नाही चालणार, त्यानं माणूस कोरडा होतो, आणि कोरड्या झालेल्या सिस्टर तू बघितल्या असशीलच, त्यांचं काय झालं असेल याचा विचार कर. बरोबरच्या एखादीला धर, ड्युटी संपल्यावर चहा घेताना त्या रात्रीचं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांग, पेशंटचं नाव न घेता. झोप अजून महिनाभर अशीच राहिली, जेवण जाईना, ड्युटीला जायचीच भीती वाटायला लागली, तर १४४१६ तुझ्यासाठी पण आहे.

आता त्या बाईचं. तुझ्या फोनवरून आपणहून रात्री-बेरात्री फोन करू नकोस, घरी फोन कोण उचलेल सांगता येत नाही आणि तिला त्या वेळी नको असेल. पण वाट आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई बाळासाठी घरी जातात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, आणि बाळ नाही म्हटलं की बहुतेक ठिकाणी ती भेटच गळते, बाळंतीण असूनही. तुमच्या इनचार्जना सांगून तिच्या गावच्या आशाताईंना निरोप दे की या बाईकडे जा, अंगावरून किती जातं, ताप, छाती, झोप, जेवण हे विचारा, आणि दवाखान्यातल्या सिस्टरनी आठवण काढलीय, बेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास तपासायला या म्हणून सांगा. सोमवारी की गुरुवारी, तू ज्या दिवशी सकाळच्या ड्युटीला असशील तो दिवस दे.

ती आली तर बाजूला घे, जिथे बाळं नाहीत तिथे. म्हण, “त्या रात्री तुम्ही मला विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नाही, ते माझं चुकलं. आता ऐकायचंय का?” हो म्हणाली तरच सांग. त्याआधी रजिस्टर काढून वजन आणि वेळ लिहून ठेव, आणि तुला जे आठवतंय तेही आजच लिहून ठेव, केस होते का, बोटं लांब होती का, नाक कुणासारखं होतं, कारण महिनाभरानं तू अजून दहा डिलिव्हऱ्या घेतलेल्या असशील आणि हे पुसट होईल. माझं तसंच झालं होतं.

तुझी,
ताई